उत्खनन राज्याच्या पैशाने व्हावे. निष्कर्ष मात्र राज्याच्या हाती नसावेत

२३ जानेवारी २०२५ रोजी तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी चेन्नईत एक अहवाल प्रकाशित केला. विषय होता तमिळ भूमीतील लोखंडाची प्राचीनता. तूत्तुक्कुडी जिल्ह्यातील शिवगळै येथील दफनस्थळी मिळालेल्या नमुन्यांच्या कालमापनावरून तेथील लोखंड इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे ५३०० वर्षे मागे जाते, असे त्यात मांडले होते. बातमी देशभर पसरली आणि प्रतिक्रियांचे दोन तट पडले. एकाला ती अभिमानाची गोष्ट वाटली, दुसऱ्याला प्रादेशिक राजकारणाची. ‘हे खरे आहे काय?’ हा प्रश्न दोन्हीकडे फारसा विचारला गेला नाही, आणि त्याहून आधीचा एक प्रश्न तर कोणीच विचारला नाही: हे उत्खनन कोणाच्या पैशाने झाले आणि त्या पैशाने नेमके काय विकत घेतले?

ज्या मैलापुरातून हे लिहीत आहे, त्याच शहरात एग्मोरला तामिळनाडू राज्य पुरातत्त्व विभागाचे मुख्यालय आहे. गेल्या सात-आठ वर्षांत या विभागाने जे केले, ते भारतातील अन्य कोणत्याही राज्याने या प्रमाणात केलेले नाही. त्यामुळे स्थानिक शासनाने पुरातत्त्व-संशोधनाला आश्रय द्यावा काय, या प्रश्नाची परीक्षा येथेच घ्यावी हे उचित. माझे उत्तर प्रारंभीच सांगतो. आश्रय द्यावाच, आणि आजच्या कितीतरी पट अधिक द्यावा. मात्र ज्या हाताने पैसा दिला, त्याच हाताने निष्कर्ष जाहीर करू नये. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर आश्रयानेच संशोधनाचे नुकसान होते.

कीळडीचा धडा

मदुराईपासून साधारण बारा किलोमीटरवर, शिवगंगा जिल्ह्यात वैगै नदीकाठी कीळडी हे गाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे २०१४-१५ मध्ये उत्खनन सुरू केले. विटांची बांधकामे, विंधविहिरींसारखी रचलेली मातीची कडी, तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे असे बरेच काही दोन हंगामांत मिळाले. पुढे उत्खननाचे प्रमुख अमरनाथ रामकृष्ण यांची २०१७ मध्ये आसामात बदली झाली. तिसऱ्या हंगामानंतर केंद्रीय विभागाने तेथून लक्ष काढून घेतले. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेले आणि २०१८ पासून राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन आपल्याकडे घेतले. ते तेव्हापासून हंगामामागून हंगाम चालू राहिले.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्याने हे काम हाती घेतले तेव्हा एका पक्षाचे सरकार होते, २०२१ मध्ये त्याच्या प्रतिस्पर्धी पक्षाचे आले. उत्खनन थांबले नाही. सत्तांतरानंतर जुन्या सरकारच्या योजना गुंडाळण्याची आपल्याकडील रीत पाहता ही साधी गोष्ट नव्हे. २०२३ च्या मार्चमध्ये कीळडीतच संग्रहालय उघडले. सापडलेल्या वस्तू दूरच्या गोदामात न जाता, ज्या शेतांतून त्या निघाल्या त्या शेतांच्या शेजारीच राहिल्या. गावच्या शाळेतील मूल आज तेथे चालत जाऊन आपल्या पायाखालचे खापर काचेमागे पाहू शकते. दिल्लीच्या कार्यालयातून असे होणे अशक्य नाही. परंतु होत नाही, हा अनुभव आहे.

केंद्रीय विभागाची अडचणही समजून घेतली पाहिजे. त्याच्याकडे देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक संरक्षित स्मारके आहेत आणि त्याचा बहुतेक पैसा त्यांच्या देखभालीत जातो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात दाखवून दिले होते की, सर्वेक्षण व उत्खनन यांवर या विभागाच्या खर्चाचा एक टक्काही जात नाही. नऊ वर्षांनंतरच्या पाठपुराव्याच्या अहवालातही चित्र फारसे बदललेले नव्हते. घर सांभाळणाऱ्याकडून नव्या विहिरी खणण्याची अपेक्षा करावी, तसे हे झाले. मग विहीर कोणी खणावी? ज्याचे शेत आहे, त्याने.

अधिकार कोणाचा?

पुरातत्त्व हा केवळ केंद्राचा विषय आहे, असा समज विद्यार्थ्यांत पुष्कळ आढळतो. राज्यघटनेची सातवी अनुसूची वेगळे सांगते. संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर केलेली स्मारके व स्थळे केंद्राकडे आहेत. त्यांखेरीज अन्य प्राचीन स्मारके राज्यसूचीत आहेत, आणि अन्य पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष समवर्ती सूचीत. महाराष्ट्राने १९६० मध्ये आणि तामिळनाडूने १९६६ मध्ये यासंबंधी स्वतःचे कायदे केले. उत्खननाचा परवाना मात्र केंद्रीय विभागाकडूनच घ्यावा लागतो. म्हणजे राज्याला खणण्याची इच्छा, पैसा आणि माणसे असली, तरी किल्ली दिल्लीत असते. ही रचना योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वादविषय आहे. परंतु तिच्यातही राज्याला पुष्कळ वाव आहे, हे तामिळनाडूने सिद्ध केले.

आणि हे काही नवे नाही. म्हैसूर संस्थानाने १८८५ मध्येच आपले पुरातत्त्व खाते काढले, बी. एल. राइस यांनी संपादिलेले तेथील शिलालेखांचे खंड आजही अभ्यासकाच्या हाताशी असतात. हैदराबाद संस्थानाचे खाते १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या हाती आले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथील चित्रांची पापुद्रे सुटण्यापासून जपणूक करण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले गेले, आणि यझदानींच्या अजिंठ्यावरील ग्रंथांनी ती चित्रे जगापुढे ठेवली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले; पंचगंगेच्या काठी रोमन जगाशी संबंध सांगणारी पॉसिडॉनची कांस्यमूर्ती याच टेकडीने दिली होती. त्या वस्तूंसाठी उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आज टाउन हॉलमध्ये आहे. संस्थानांना आपल्या भूमीच्या भूतकाळाचे मोल कळत होते. लोकशाही राज्यांनी ते विसरावे, हे बरे दिसत नाही.

वयाची शर्यत

आता दुसरी बाजू. तामिळनाडूतील मोठे पुरातत्त्वीय निष्कर्ष गेल्या काही वर्षांत कसे जाहीर झाले, ते आठवून पाहा. शिवगळैच्या दफनकुंभातील भाताचे वय इ. स. पू. ११५५ असल्याचे सप्टेंबर २०२१ मध्ये विधानसभेत सांगण्यात आले. कृष्णगिरी जिल्ह्यातील मयिलाडुंपारै येथील लोखंडाचा काळ इ. स. पू. २१७२ असल्याचे मे २०२२ मध्ये विधानसभेतच सांगण्यात आले. लोखंडाविषयीचा २०२५ चा अहवाल मुख्यमंत्र्यांच्या हस्ते आला. प्रत्येक वेळी आकडा मोठा होत गेला आणि प्रत्येक वेळी मथळ्याचा शब्द ‘सर्वांत प्राचीन’ हाच होता.

या निष्कर्षांमागील अभ्यासक अनुभवी आहेत. लोखंडाच्या अहवालाचे लेखक के. राजन यांनी तमिळ भूमीच्या पुरातत्त्वाला आयुष्य दिले आहे. नमुने एकाच प्रयोगशाळेत न पाठवता अमेरिकेतील बीटा अ‍ॅनॅलिटिक, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशा तीन ठिकाणी तपासले गेले, ही पद्धत अनुकरणीय आहे. तरीही प्रयोगशाळेचा आकडा म्हणजे निष्कर्ष नव्हे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पक्के लक्षात ठेवावे. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, किरणोत्सर्गी कार्बनने लोखंडाचे वय सहसा मोजले जात नाही. मोजले जाते ते त्याच्याजवळ मिळालेल्या कोळशाचे वा धान्याचे. खापरावर प्रकाशीय दीप्तीचे तंत्र वापरले, तर ते खापर शेवटचे कधी तापले, हे कळते. लोखंड, कोळसा आणि खापर हे तिन्ही एकाच वेळी तेथे आले, हे उत्खनकाला स्तरांच्या नोंदींवरून दाखवून द्यावे लागते. कोळसा जुन्या वृक्षाच्या गाभ्याचा असेल, तर तो वापरणाऱ्या माणसाहून काही शतके वयस्कर असू शकतो. भाताचा दाणा मात्र एका हंगामाचा असतो. म्हणून त्याची साक्ष अधिक विश्वसनीय.

दुसरे कारण, एकाच स्थळाची तिथीमाला. शिवगळैतील एका कुंभातील भात इ. स. पू. १२व्या शतकातला आणि त्याच स्थळावरील लोखंडाशी जोडलेला कोळसा त्याहून दोन हजार वर्षे जुना. हे अशक्य नाही. एखादी दफनभूमी फार दीर्घ काळ वापरात राहू शकते. परंतु मग त्या दोन हजार वर्षांतील मधल्या पिढ्यांचे कुंभ, त्यांच्या घडणीतील बदल आणि त्यांची वस्ती कोठे आहे, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते. उत्तर प्रदेशातील मल्हार व राजा नल का टीला या स्थळांवरून गंगेच्या खोऱ्यातील लोखंड इ. स. पू. १८०० च्या आसपास नेले गेले, तेव्हाही असेच प्रश्न विचारले गेले होते. असामान्य विधानाला असामान्य साखळी लागते, आणि साखळीची एकेक कडी जोडायला वर्षे जातात. विधिमंडळाच्या अधिवेशनाला मात्र तारीख असते.

तिसरे कारण कीळडीतून घ्यावे. राज्य विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३५३ सेंटिमीटर खोलीवरील नमुन्याचा काळ इ. स. पू. ५८० दिला आहे, आणि त्यावरून ‘इ. स. पू. सहावे शतक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आता कालमापनशास्त्रातील एक अडचण पाहा. कार्बनने मिळालेले वय वृक्षवलयांच्या ज्ञात कालमालेशी ताडून पंचांगातील वर्षांत बदलावे लागते. इ. स. पू. ८०० ते ४०० या काळात ही ताडणी करणारी रेषा जवळजवळ आडवी होते. अभ्यासक या टप्प्याला हालश्टाट पठार म्हणतात. या पठारावर पडलेला नमुना आठव्या शतकातला की पाचव्या, हे कार्बनला एकट्याने सांगता येत नाही. एक आकडा छापला तरी त्यामागे शतकांचा पट्टा असतो. कीळडीचा काळ नेमका याच पठारावर येतो. म्हणजे कीळडी प्राचीन नाही असे मुळीच नव्हे. तिचे वय सांगताना आकड्यापेक्षा पट्टा सांगावा, आणि एका नमुन्यापेक्षा स्तरांच्या क्रमाने लावलेल्या अनेक नमुन्यांवर भिस्त ठेवावी, एवढेच.

हे सारे आक्षेप त्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. आपसांत ते यांवर चर्चाही करतात. खंत इतकीच की, मुख्यमंत्र्यांनी मांडलेल्या आकड्यावर त्याच राज्याच्या विद्यापीठातील तरुण संशोधकाने जाहीर शंका घेणे आता सोपे राहत नाही. शंका विज्ञानावर असते, ती राज्यद्रोहासारखी ऐकू येते. आश्रयाचा हा खरा धोका आहे. खोटे निष्कर्ष निघतील, ही भीती त्यामानाने लहान. खरे निष्कर्षही तपासले न गेल्यामुळे जगाच्या दृष्टीने अर्धवट राहतील, ही भीती मोठी.

दुसऱ्या बाजूचे राजकारण

‘मग हे काम केंद्राकडेच द्या, तेथे प्रादेशिक अस्मिता नाही’ असे कोणी म्हणेल. त्याने कीळडीच्या पहिल्या दोन हंगामांच्या अहवालाची कहाणी वाचावी. अमरनाथ रामकृष्ण यांनी ९८२ पानांचा तो अहवाल जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय विभागाला सादर केला. दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, मे २०२५ मध्ये तो काळनिश्चितीसह काही दुरुस्त्यांसाठी परत पाठवण्यात आला. आपली मांडणी पुराव्यावर आधारलेली आहे, असे कळवून त्यांनी ती बदलण्यास नकार दिला. जूनमध्ये त्यांची पुन्हा बदली झाली. अहवालात त्रुटी असतील किंवा नसतील. त्या ठरवण्याचा मार्ग एकच असतो. अहवाल प्रसिद्ध करावा आणि अभ्यासकांनी त्यावर लिहावे. बंद फायलीतला आक्षेप आणि विधानसभेतली घोषणा यांत एक साम्य आहे: दोन्ही ठिकाणी अभ्यासकाचा अखेरचा शब्द शासनाच्या हाती जातो.

म्हणून प्रश्न केंद्र की राज्य असा मांडला, तर तो चुकीच्या जागी अडकतो. पैसा कोणत्या तिजोरीतून आला यापेक्षा पैसा आणि निर्णय यांच्यामध्ये भिंत आहे की नाही, हे महत्त्वाचे.

मैलापूरच्या पायाखाली

शासन निष्कर्षासाठी पैसे देऊ लागले की आणखी एक गोष्ट घडते. जेथे मोठा मथळा मिळण्याची शक्यता नाही, तेथे कुदळ पोहोचत नाही. मैलापूर याचे उदाहरण आहे.

दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमीने नोंदवलेले ‘मैलार्फा’ हे बंदर म्हणजे मैलापूर, असे सामान्यतः मानले जाते. तिरुवळ्ळुवर येथले, अशी परंपरा आहे. नेमिनाथाचे जैन मंदिर येथे होते, अशीही परंपरा आहे. कपालीश्वराचे आजचे देऊळ काही शतकांपूर्वीचे. त्याआधीचे समुद्राजवळ होते आणि पोर्तुगीज काळात नष्ट झाले असे मानतात. सांतोमेच्या आवारात तमिळ शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. लझ चर्चवरील पोर्तुगीज लेख १५१६ हे वर्ष सांगतो. थोड्या अंतरावरच्या सेंट थॉमस टेकडीवर पहलवी अक्षरांचा क्रूस आहे. १९२०च्या दशकात फादर होस्टेन या जेझुइट अभ्यासकाने सांतोमे व मैलापुरातील अवशेषांचा धांडोळा घेतला. आणि आपला, मराठीचा, धागाही येथे आहे. तंजावरच्या मराठी परंपरेतील टी. माधवराव यांनी अखेरची वर्षे मैलापुरात काढली; दिवाणबहादूर रघुनाथराव यांचे घरही येथलेच. अखिल भारतीय राजकीय संघटनेची कल्पना १८८४ च्या अखेरीस त्यांच्या घरच्या बैठकीत चर्चिली गेली, असे इतिहासात नमूद आहे.

असा हा भूतकाळ कोणत्याही एका अस्मितेच्या पेटीत मावत नाही. कदाचित म्हणूनच त्याला यजमान नाही. मैलापुरात आज मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे काम चालू आहे. तिरुमयिलै स्थानक चेन्नईतील सर्वांत खोल स्थानकांपैकी एक असणार आहे. दोन हजार वर्षांच्या वस्तीतून एवढा मोठा छेद घेण्याची संधी कोणत्याही पुरातत्त्वज्ञाला आयुष्यात मिळाली नसती. परंतु बांधकामापूर्वी त्या जमिनीचे पुरातत्त्वीय परीक्षण बांधकाम करणाऱ्याच्या खर्चाने झालेच पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आपल्या कायद्यात नाही. संरक्षित स्मारकाभोवतीच्या शंभर आणि पुढील दोनशे मीटरांत निर्बंध आहेत. त्या वर्तुळाबाहेरची माती ही कायद्याच्या दृष्टीने केवळ माती.

आकडेही पाहून घ्यावेत. तामिळनाडूच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उत्खननांसाठी ७ कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि अन्य राज्यांच्या तुलनेत ती उदार आहे. चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचा मंजूर खर्च ६३,२४६ कोटी रुपये आहे. म्हणजे संपूर्ण राज्याच्या एका वर्षाच्या उत्खननांचा खर्च या एका प्रकल्पाच्या सुमारे नऊ हजाराव्या हिश्शाएवढा. प्रकल्पाचा अगदी अल्प अंश बाजूला काढला असता, तरी शहराखालच्या स्तरांची नीट नोंद झाली असती.

इतर देशांनी हे केले आहे. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या नियमांनुसार बांधकामापूर्वीच्या पुरातत्त्वीय तपासणीचा भार प्रायः विकासकावर पडतो. तेथे काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या शासनाकडे पुरातत्त्वज्ञ असतात. परिसरातील प्रत्येक ज्ञात अवशेषाची नोंदवही ठेवली जाते, आणि नागरिकांना ती पाहता येते. फ्रान्सने २००१ च्या कायद्याने बांधकामांवर पुरातत्त्वासाठी कर बसवला. अथेन्सच्या मेट्रोसाठी खणताना निघालेल्या वस्तू आज स्थानकातच मांडल्या आहेत. प्रवासी गाडीची वाट पाहता पाहता आपल्या शहराचे स्तर पाहतो. यांपैकी कोणत्याही देशात ‘आमचेच शहर सर्वांत जुने’ हे सिद्ध करण्यासाठी हा खर्च होत नाही. शहर पुन्हा बांधताना जे कायमचे नष्ट होणार, त्याची नोंद ठेवणे हे नागरी कर्तव्य मानले जाते, सांडपाण्याच्या व्यवस्थेसारखेच.

महाराष्ट्राने काय करावे?

हे सारे मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. पुण्यात स्वारगेटला मेट्रोच्या कामात २०१९ मध्ये जुना भूमिगत बोगदा उघडा पडला तेव्हा आपणही धावपळच केली होती. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतील बहुतेकांचा शोध स्थानिक अभ्यासकांनी पदरमोड करून, सडेच्या सडे पायी तुडवून लावला. त्याच यादीतील बारसूच्या सड्याजवळ वर्षभरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि संघर्ष पेटला. स्थळांची नोंद आधीपासून जिल्हा पातळीवर असती, तर प्रकल्पाची जागा ठरवतानाच तो प्रश्न पुढे आला असता.

दुसरीकडे आपल्याजवळ अशी परंपराही आहे, जिच्यापासून तामिळनाडूने शिकावे. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे ‘सर्वांत प्राचीन’ असे काही मिळाले नाही. मिळाले ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे घर, त्याचे धान्य, पाण्यासाठी त्याने केलेली खटपट, घराच्या जमिनीखाली कुंभात पुरलेली त्याची लहान मुले, आणि हवामान कोरडे होत गेले तसे त्या वस्तीचे खालावत जाणे. १९८८ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्याच्याशी मतभेद असणाऱ्यालाही त्यातील नोंदींवरूनच मतभेद मांडता येतो. चांगल्या उत्खननाची हीच कसोटी: उत्खनकाला खोटे ठरवण्याची साधने तो स्वतःच वाचकाच्या हाती देतो.

या दोन राज्यांचे गुण एकत्र आले तर काय होईल? तामिळनाडूची तिजोरी आणि सातत्य, आणि इनामगावची संथ, अहवालनिष्ठ शिस्त. त्यासाठी पाच गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांतील एकीलाही घटनादुरुस्ती लागत नाही.

एक, राज्याने उत्खननाचा निधी विभागाच्या मर्जीवर न ठेवता एका स्वायत्त मंडळामार्फत द्यावा. त्यात अन्य राज्यांतील आणि परदेशांतील अभ्यासक असावेत.

दोन, कोणतीही तिथी विधिमंडळात वा पत्रकार परिषदेत जाहीर होण्यापूर्वी ती तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकात यावी, आणि नमुन्याचा स्तर, प्रयोगशाळेचा क्रमांक व मूळ आकडा सर्वांना खुला व्हावा.

तीन, उत्खनन संपल्यापासून ठरावीक मुदतीत अहवाल प्रसिद्ध न झाल्यास त्या चमूला नवा परवाना मिळू नये. हा नियम केंद्राच्या आणि राज्याच्या विभागांना सारखाच लागू असावा.

चार, मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांच्या खर्चातील ठरावीक हिस्सा पुरातत्त्वीय तपासणीसाठी राखावा, आणि शहरांच्या महापालिकांनी आपल्या हद्दीतील ज्ञात स्थळांचा नकाशा ठेवावा. १६८८ मध्ये स्थापन झालेली चेन्नई महापालिका देशात सर्वांत जुनी. याचा आरंभ तिने करावा, यात औचित्य आहे.

पाच, जिल्हा परिषदांनी आणि पंचायतींनी स्थानिक अभ्यासक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सर्वेक्षणासाठी लहान अनुदाने द्यावीत. लाख-दोन लाखांत एक तालुका पायी पालथा घालता येतो.

विद्यार्थ्यांसाठी अखेरचे दोन शब्द. ‘आमचे लोखंड पाच हजार वर्षांपूर्वीचे’ हा संदेश तुमच्याकडे येईल, तसाच ‘हे सारे बनावट आहे’ हाही येईल. दोन्ही पुढे पाठवण्याआधी अहवाल उघडा. तामिळनाडूचा विभाग आपले अहवाल प्रसिद्ध करतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. तिथ्यांचे तक्ते पाहा. नमुना कोणत्या खड्ड्यातला, किती खोलीवरचा, कोळसा की दाणा, अनिश्चितता किती, हे वाचा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले कुळाच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. आपल्या आश्रयदात्याच्या कुळाची कीर्ती सांगण्यासाठी तो कोरला गेला, आणि इतिहासकार आज तो वापरतात तो त्या कीर्तीची प्रत्येक ओळ इतर साधनांशी ताडून. शासनाने दिलेल्या पैशातून निघालेले प्रत्येक खापरही असेच वाचले पाहिजे: देणाऱ्याविषयी कृतज्ञ राहून, आणि त्याच्या शब्दावर विसंबून न राहता.